यादीत नसलेलं घर

मी एक टेम्प्लेट बोलतोय. म्हणजे वेबसाइटच्या पानाचा साचा. नाव कुठे, भाजी कुठे, फोन नंबर कुठे, हे सगळं माझ्या अंगावर आखलेलं असतं. आज मला गप्प बसवतच नाही, कारण शेजारी नवं बिऱ्हाड आलंय. पण आधी माझी गोष्ट ऐका.

माझा जन्म २००९चा, देवळीतला. रक्षाने मला तिच्या आईसाठी, प्रमिलाबाईंसाठी घडवलं. प्रमिलाबाई आणि आणखी सात जणी भाजी पिकवायच्या. उद्या काय तोडणार, ते माझ्यावर दिसायचं होतं. वर्ध्यात वसतिगृहाची खानावळ चालवणारे प्रभाकरराव संध्याकाळी सहाला पान बघणार होते. पटलं तर रोजची भाजी यांच्याकडून, नाहीतर नेहमीच्या व्यापाऱ्याकडून.

रक्षाने हौसेने मला 'देवळी' नावाचं स्वतंत्र फोल्डर दिलं. मी नटूनथटून बसलो. पण पानं शोधून आणणारं फ्रेमवर्क पडलं शिस्तीचं, ते ठरलेल्या फोल्डरांतच बघतं. पडद्यावर आली नुसती तक्रार, की पान सापडलं नाही. खाली कुठे कुठे शोधलं, त्याची लांबलचक यादी. अहो, मी इथेच होतो! पण सांगणार कसा?

साडेपाच वाजले. रक्षा रडकुंडीला आली. दोष माझाच समजून ती मला पुसून टाकायला निघाली. माझा जीव नुसता टांगणीला!

तेवढ्यात मेथी निवडता निवडता प्रमिलाबाई जवळ आल्या आणि ही यादी कशाची, म्हणून विचारू लागल्या. रक्षाने एकेक फोल्डर वाचून दाखवलं.

"याच्यात आपलं घरच नाई," प्रमिलाबाई म्हणाल्या. "जेवनाचं आवतन द्याले मानूस निघते, तं त्याले यादी द्या लागते. यादीत घर नाई, तं तो येईन काऊन?"

रक्षा थबकली. मग तिने फ्रेमवर्कच्या यादीत सगळ्यात वर 'देवळी' लिहिलं.

सहाला पाच कमी असताना माझं दार वाजलं. मी धावतच पडद्यावर! मेथी, वांगी, सांभार म्हणजे आपली कोथिंबीर, सगळं जागच्या जागी. थोड्या वेळाने प्रभाकररावांचा फोन आला, उद्या मेथी पाठवा म्हणून. प्रमिलाबाईंनी पडद्यावरून हात फिरवला. तो मला अजून जाणवतो.

आता कारंजाच्या बायकांनाही पान हवंय. सकाळीच रक्षाने शेजारी 'कारंजा' नावाचं फोल्डर उघडलं. आत माझ्यासारखाच एक जण नटून, दाराकडे कान लावून बसलाय.

रक्षा, घर छान बांधलंस गं. पण यादीत घातलंस का?