ओटीवरची आडभिंत

त्या शनिवारी मार्गारेटबाईंना सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. दारातून आत, आतून दारात, असं त्यांचं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मिसा झाल्यावर फादर घराला आशीर्वाद द्यायला येणार होते आणि आपल्या माणिकपूरच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांना बाईंनी आमंत्रण दिलं होतं. मुख्याध्यापिका असलेल्या मोठ्या बाईंनाही. गंमत अशी की घर नवीन नव्हतंच. निर्मळच्या वाडीतलं ते साठ वर्षांचं घर, फक्त त्याचं तोंड नवीन केलं होतं.

पूर्वी त्या घराला उघडी ओटी होती, अगदी गावात सगळ्यांची असते तशी. चार पायऱ्या चढलं की ओटी, ओटीच्या मागे दार, आणि दारातून सरळ नजर जायची ती पुढच्या खोलीतल्या खाटेवर. खाटेवर बॅप्टिस्ट, बाईंचे सासरे. दोन वर्षांपासून छातीच्या दुखण्यानं खाटेवरच, काठी टेकत उठायचे ते गरजेपुरते. उशाशी थुंकायचा डबा, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर, आणि खोकला असा की फाटकात उभ्या माणसानंही घसा खाकरावा.

एकदा मोठ्या बाई सहज म्हणून आल्या होत्या. त्यांनी दारातच नाकाला रुमाल लावला, चहा अर्धा ठेवला आणि पाच मिनिटांत उठल्या. मार्गारेटबाईंनी त्या दिवशी ती कपबशी तीनदा घासली. लाज वाटली हो त्यांना, चारचौघांत कुणी चापट मारावी तशी.

मग त्या मासिकांतली चित्रं कापून ठेवायला लागल्या. बंगल्यांची दारं, काचेची शोकेस, कुंड्या. एका चित्रात दारासमोर एक आडभिंत होती. पाहुणा आत आला की भिंतीसमोर उभा राहतो, मग डावीकडे वळतो, आणि तोवर त्याला घरातलं काही म्हणजे काही दिसत नाही. बाईंनी ते चित्र नवऱ्याला दाखवलं.

"वारा थेट छातीवर येतो बाबांच्या," त्या म्हणाल्या. "आडभिंत हवीच."

कॉन्रॅड मुंबईला कचेरीत, सकाळी जाणार ते संध्याकाळी येणार. बायको आपल्या बापाच्या छातीची काळजी करतेय म्हटल्यावर बिचाऱ्यानं मान डोलावली. बॅप्टिस्टनाही तेच सांगितलं. ते नुसतं छताकडे बघत राहिले.

शत्रुघ्न गवंडी खाडीकडच्या गावातला, हाताला चांगला आणि तोंडाला कमी. विटांची पहिली ओळ लावताना तो थांबला.

"टीचरबाई, वळन अरुंद होतंय."

"चित्रात असंच आहे."

"चित्रातल्या घरात म्हातारं मानूस नसंल," तो पुटपुटला आणि पुन्हा कामाला लागला. बाईंना वाटलं, काठी टेकत चालायचं म्हणतोय. तीन फुटांत काठीवाला माणूस सहज जातो, त्यांनी स्वतः चालून पाहिलं होतं.

महिनाभरात सगळं उभं राहिलं. ओटीला लोखंडी जाळी, खाली मोझॅकच्या लाद्या, भिंतीला पिस्ता रंग, भिंतीतच काचेची शोकेस, तिच्यात प्लॅस्टिकचे गुलाब. रस्त्यानं जाणारी माणसं सायकल थांबवून बघायला लागली. बाईंचं नाक थोडं वर झालं तर त्यात नवल काय.

तर त्या शनिवारी दुपारी माणिकपूरहून लोखंडी कपाट आलं. कॉन्रॅडनं शेजारचा आग्नेल आणि आणखी दोघांना हाताशी घेतलं. कपाट आडवं करून चौघांनी उचललं, पायऱ्या चढले, जाळीतून आत आले, आणि वळणावर गाडं अडलं. पुढचं टोक भिंतीला, मागचं जाळीला. इकडून तिरकं केलं, तिकडून तिरकं केलं, पिस्ता रंगाला वीतभर ओरखडा पडला. कपाट काही वळेना.

घामाघूम झालेला आग्नेल हसत म्हणाला, "कॉन्रॅड, कपाटाचं सोड. उद्या म्हाताऱ्याची पेटी कुठून काढणार रे?"

बाकीचे दोघे हसले आणि मग त्यांचं हसू आपोआप गळालं. कारण भिंतीपलीकडे खोकला थांबला होता.

आता निर्मळमधलं माणूस गेलं की त्याला पुढच्या खोलीत ठेवतात, फादर येतात, गायनमंडळ गातं, आणि क्रूसामागून पेटी पुढच्या दारानं, चौघांच्या खांद्यावर, ओटीवरून उतरते. बॅप्टिस्टची आई तशीच गेली, बायको तशीच गेली. मागच्या दारानं निघतात ती खरकटी भांडी. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. एम.ए., बी.एड. झालेल्या बाईंच्या मात्र हे डोक्यात आलं नव्हतं.

कपाट मागच्या दारानंच आत नेलं. सगळे गेल्यावर बाईंनी टेप काढला. पेटी सहा फुटांच्या वर, वळण तीन फुटांचं. पुन्हा मोजलं. टेप खोटं बोलत नव्हता.

"उभी करून काढू," कॉन्रॅड हळूच म्हणाला.

"बाबांना उभं करून?"

बाईंनी टेप गुंडाळला. भिंत पाडावी तर उद्या सगळी शाळा दारात. ठेवावी तर त्या माणसाच्या नजरेला नजर कशी द्यायची? भात करपला, तरी त्यांना वास आला नाही. संध्याकाळभर त्या शोकेसची काच पुसत राहिल्या, आणि सासऱ्यांना पेज कॉन्रॅडच्या हाती पाठवली.

रविवारी मिसाहून परतल्या तर अंगणात, फाटकाच्या अगदी समोर, बॅप्टिस्टची खाट. वर बॅप्टिस्ट, धुतलेला सदरा घालून, खाली डबा.

"कुणी आणलं यांना बाहेर?"

"आग्नेलला बोलावलं मी," बॅप्टिस्ट म्हणाले. दम खाऊन पुढे म्हणाले, "खाट मागच्या दारानं आली. मी पायांनी आलो, पुढच्या दारानं. आता आत जात नाही. इथून उचलायला सोपं. तुझी भिंतही राहील."

आवाजात राग नव्हता, म्हणून तर ते बाईंना जास्त लागलं. तेवढ्यात फाटक वाजलं. फादर, मागे शिक्षिका, मोठ्या बाई. सगळे खाटेपाशी येऊन थबकले. मोठ्या बाईंचा हात पर्समधल्या रुमालाकडे गेला.

"सुरुवात कुठून करू या?" फादरांनी विचारलं. "नव्या दारापासून?"

"नको, फादर," मार्गारेटबाई म्हणाल्या. "ती भिंत उद्या पाडायची आहे. वाऱ्यासाठी म्हणून घातली असं मी सगळ्यांना सांगितलं. खोटं होतं ते. आल्या-गेल्याला बाबा दिसू नयेत म्हणून घातली मी."

कॉन्रॅड बायकोच्या तोंडाकडे बघतच राहिला.

बॅप्टिस्टनी डबा पायानं खाटेखाली सरकवला.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "वारा त्या बाजूनं येतच नाही, पोरी."