कोपऱ्यातलं नाव

अब्बा गोरेगावात दुकानांच्या पाट्या रंगवायचे. उजव्या कोपऱ्यात, खाली, बारीक अक्षरात 'खाजा पेंटर' लिहिल्याशिवाय ते शिडीवरून उतरत नसत.

मी टॅबवर चित्रं काढते. बालाजीच्या फ्लेक्सच्या दुकानातले वाढदिवसाचे, लग्नाचे सगळे बॅनर माझेच. पण कोपऱ्यात छापून यायचं, 'डिझाइन : बालाजी'. एकदा विचारलं, तर हसला. "टॅबवर लेकरं गेम खेळतात. खरं काम लॅपटॉपवर होते. अन् लॅपटॉप कुणाचा हाय?"

त्या लॅपटॉपनं आयुष्यात एक रेघ ओढली नव्हती. माझी फाइल छपाईला पाठवायची, एवढाच त्याचा पराक्रम.

गेल्या महिन्यात अब्बा गेले. बाजारातल्या दुकानदारांनी श्रद्धांजलीचा बॅनर लावायचं ठरवलं. मी टॅबवर अब्बांचा चेहरा काढला, अक्षरं त्यांच्याच वळणाची घेतली आणि पहिल्यांदाच कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहून फाइल पाठवली : 'कहकशा खाजा पेंटर'.

सकाळी चौकात बॅनर लागला. मी आधी कोपरा पाहिला. माझं नाव पुसलेलं होतं. तिथं होतं, 'डिझाइन : बालाजी'.

किराणावाले उत्तमराव डोळे पुसत पुढं आले. त्यांच्या दुकानाची पाटी अब्बांनीच रंगवलेली. "चेहरा बराबर उतरवलास रे," म्हणत त्यांनी बालाजीच्या पाठीवर हात ठेवला.

मी शेजारीच उभी होते. बालाजीनं मान खाली घातली.

"खाजाचाचा माझे गुरूच व्हते," तो म्हणाला.