तानीच्या गालावरचा वण

मी वण बोलतोय. तानीच्या डाव्या गालावरचा, बोटाचं टोक मावेल एवढा खोल. मला बघून लोक हळहळतात. त्यांची हळहळ मला नको. मी रागात आहे, आणि तो राग कशाचा ते ऐका.

साल सत्त्याण्णव. खोडाळ्याच्या वरच्या अंगाला रस्त्याचं काम चाललं होतं. सतरा वर्षांची तानी तिथे खडी वाहायची. तिची थोरली बहीण पारू सात महिन्यांची गरोदर. भर दुपारी पारू जरा सावलीला टेकली, तर मुकादम तिच्या अंगावर धावून आला. तानी मध्ये उभी राहिली. घटकाभर बसू द्या, एवढंच म्हणाली. त्यानं लोखंडी घमेलं उचलून फिरवलं आणि त्याच्या काठानं तिचा गाल फाटला. माझा जन्म हा असा.

दवाखान्यात डॉक्टर नव्हते. कंपाउंडरनं टाके घातले आणि मुकादम सांगेल तसं कागदावर लिहिलं, की दगडावर पडून जखम. टाके पिकले, आतलं मांस झडलं. जखम भरली तेव्हा कातडी आत ओढली जाऊन खड्डा पडला. पोलिसांनी तो कागद वाचून तानीला घरी पाठवलं.

पुढे ती पाड्यावरच्या अंगणवाडीत सेविका झाली. लहान पोरं माझ्यात बोट घालून हसायची, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते मोठ्या माणसांचं. फोटो काढताना तिला मान वळवायला सांगणारे, सोयरिकीला येऊन चहा पिऊन निघून जाणारे.

दहा वर्षांत मुकादमाचा ठेकेदार झाला आणि निवडणुकीला उभा राहिला. एक दिवस त्याची जीप दारात आली. ठाण्याला लेझरनं असले वण भरून काढतात, सगळा खर्च मी करतो, असं तो म्हणाला. तानीनं फक्त बाजारातल्या त्याच्या प्रचारसभेत उभं राहायचं आणि मी पडले होते, साहेबांनी मला नवा चेहरा दिला, असं सांगायचं.

आई, गोदी, रडायलाच लागली. "घे बाय. गाल बरा होल तुझा."

मी तापत चाललो होतो. आजवर त्या माणसाला ती अहोजाहो करत आली होती.

"तू मारलास," ती म्हणाली. "मी पडली नाय. गाल असाच राहू दे."

तो हसला आणि जीपमध्ये बसला. महिन्याभरानं निवडूनही आला.

गोदी कितीतरी दिवस लेकीशी धड बोलली नाही. मग तानी एकटीच जव्हारला गेली. तिथे महिन्यातून एकदा त्वचेच्या डॉक्टर, प्रतिभाबाई, यायच्या. त्यांनी खोटी आशा लावली नाही. वण पुरता जाणार नाही, म्हणाल्या. आतून ओढून धरणारे धागे आधी सुईनं तोडायचे, मग चार वेळा लेझर. खड्डा उथळ होईल, इतकंच. आता कशासाठी करायचंय, असं त्यांनी विचारलं.

"मला हवंय म्हणून," तानी म्हणाली.

मानधनातून पैसे साठवून ती प्रतिभाबाईंच्या सांगण्यावरून ठाण्याच्या दवाखान्यात गेली; तिथे तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. बाहेर थांबायला सांगितलं तरी सोबत आलेली गोदी हटून बसली, तेव्हा तिलाही काळा चष्मा देऊन आत घेतलं. कातडी जळाल्याचा वास आला तशी तिनं लेकीचा हात घट्ट धरला. गाल सुजला, खपल्या धरल्या, आठवडाभर तानी पदर ओढूनच उन्हात निघायची. पण मी भरत आलो.

तीन खेपा झाल्यात. एक उरली आहे. मला पुसायचं तर तिनंच पुसावं, माझी काही तक्रार नाही. रागाचं म्हणाल तर तो तसूभरही उथळ झालेला नाही. मी नीट दिसेनासा झालो की असं काही घडलंच नव्हतं म्हणायला तो ठेकेदार मोकळा.

त्या दुपारी रस्त्यावर चाळीस माणसं होती. सगळ्यांनी घमेलं फिरताना पाहिलं आणि सगळी खाली बघून खडी वाहू लागली. त्यातलं कुणी हे ऐकत असेल तर आता तरी तोंड उघडा.