निळ्या थेंबाची सुई

मी एक जुनी सुई आहे. मित्रांनो, लगेच दंड चोळू नका! तुमच्यापैकी कोणालाही मी कधी टोचलेलं नाही. मी टोचत होते ती अजून जन्माला न आलेल्या पिल्लांना.

विश्वास बसत नाही ना? मलाही बसला नव्हता. पोलादाची बारीक नळी ताणून, घासून, टोक तिरपं कापून मला घडवलं आणि अंडी उबवणाऱ्या केंद्रातल्या एका यंत्रात बसवलं. यंत्रात माझ्यासारख्या पुष्कळ सुया रांगेने होत्या. खाली अंड्यांचा ट्रे सरकत यायचा. माझ्याभोवतीची जाड नळी अंड्याच्या रुंद बाजूला इवलंसं छिद्र पाडायची आणि तिच्या पोटातून मी आत उतरायचे.

पहिल्या अंड्यात उतरले तेव्हा मला वाटलं होतं, आत बलक असेल. पण तिथे कोणीतरी हललं! मी हादरलेच. अठरा दिवस उबेत राहून त्या अंधारात एक पिल्लू गुडघे पोटाशी घेऊन बसलं होतं. मी निळा थेंब सोडला आणि घाबरून वर आले.

तो थेंब लसीचा होता. कोंबड्यांना एक विषाणूजन्य रोग होतो. तो पिसांच्या धुळीतून पसरतो, नसांमध्ये शिरतो आणि पाय लुळे पाडतो. एकदा झाला की त्याला औषध नाही. शेडमधली धूळ नाकात जाण्याआधीच पिल्लू तयार असायला हवं, म्हणून ही घाई. लसीतही विषाणूच असतो, पण निरुपद्रवी. मात्र तो जिवंत असावा लागतो. मेलेली लस म्हणजे नुसतं रंगीत पाणी.

आमची सगळी व्यवस्था ताईंकडे होती. नायट्रोजनच्या गारठलेल्या टाकीतून काचेची कुपी काढायची, कोमट पाण्यात वितळवायची, कोऱ्या सिरिंजने लस ओढून निळ्या द्रावणाच्या पिशवीत मिसळायची, हे सारं त्या माझ्यासमोरच्या टेबलावर करत. स्वच्छतेचं त्यांना वेडच होतं. कोणी चपला घालून आत आलं तर ताई अशा बघत, की माणूस आपोआप मागच्या मागे जाई. पाहुणे येत, चकाकणारं यंत्र बघून वाहवा करत. आम्हा सुयांना तेवढंच मूठभर मांस चढे!

एकदा ताईंचा धाकटा भाऊ आला. नोकरी सोडून त्याने शेड उभारली होती आणि पहिली पिल्लं आमच्याकडूनच नेणार होता. पिल्लं जगली तर शेड चालणार, नाहीतर पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं.

"ताई, अंड्यातच टोचतेस? बिचाऱ्यांना बाहेर येऊन श्वास तरी घेऊ दे की!"

"तुला जन्मल्यावर टोचलं होतं ना, तर अख्खी गल्ली डोक्यावर घेतली होतीस. ही बघ, हूं नाही की चूं नाही."

"बाहेर आल्यावर तुलाच पहिली चोच मारतील."

"मारू देत. मामासारखी भित्री तरी नाही निघणार!"

त्याच्या अंड्यांच्या दिवशी ताई सगळ्यांच्या आधी आल्या. टेबल दोनदा पुसलं. मी कौतुकाने बघत होते. प्रत्येक अंड्यात निळा थेंब नीट पडला.

काही आठवड्यांनी भाऊ पुन्हा आला. या वेळी हसत नव्हता. त्याने टोपलीतून एक कोंबडी काढून जमिनीवर ठेवली. तिचा एक पाय पुढे ताणलेला होता आणि एक मागे. उठायला गेली की पंखांवर पडे. मला ओळख पटली नाही. पटणार कशी? मी हिला पाय पोटाशी घेतलेलं पाहिलं होतं.

"अशा किती आहेत?" ताईंनी विचारलं.

"रोज वाढतायत."

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी तपासलं. तोच रोग होता. पहिला संशय आमच्यावर आला. "सुया बोथट झाल्या असतील," कोणीतरी म्हणालं, आणि आम्हाला उपटून एका पत्र्याच्या डब्यात टाकलं. झाकणसुद्धा लावलं नाही. काल वाहवा करणारे लोक आज माझ्याकडे बघून नाक मुरडत होते.

पण डॉक्टरबाईंना चैन पडेना. "त्याच दिवशी, याच सुयांनी इतरांच्या अंड्यांनाही लस दिली. त्यांच्या कोंबड्या ठणठणीत आहेत. मग यांच्याच का? यांच्या अंड्यांसाठी लसीची पिशवी वेगळी बनवली होती ना? ताई, ती कशी बनवली ते करून दाखवा बरं."

ताईंनी सगळं केलं. कुपी, कोमट पाणी, सिरिंजचं बंद पाकीट. पाकीट फाडून त्यांनी कोरी सिरिंज जंतुनाशकात बुडवली, आतून-बाहेरून धुतली आणि तशीच ओली कुपीत घातली.

"थांबा!" डॉक्टरबाई ओरडल्या. "हे रोज करता?"

"नाही हो. रोज पाकिटातली तशीच वापरते. पण ही भावाची होती ना, म्हणून म्हटलं, जरा जास्त…"

त्यांचं त्यांनाच कळलं. जंतुनाशकाला चांगला विषाणू आणि वाईट विषाणू कुठे कळतो? लस कुपीतच मेली होती. मी ट्रेमागून ट्रे त्या पिल्लांना निळं पाणी पाजत राहिले होते. थेंब निळाच होता हो! मला कसं कळावं? भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि मग निघून गेला.

त्याची शेड रिकामी झाली. तो आता आमच्याकडे कशाला येईल, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण बऱ्याच दिवसांनी तो दारात दिसला. चपला बाहेर काढून आला होता. अर्ध्या शेडपुरतीच पिल्लं हवी होती त्याला.

ताईंनी सिरिंजचं बंद पाकीट उचललं आणि जंतुनाशकाकडे पाहिलं.

"ताई, एक करशील?" तो म्हणाला. "या वेळी माझी पिल्लं परक्याची समज."

ताईंनी डोळे पुसले. पाकीट फाडलं. सिरिंज धुतली नाही.

ती पिल्लं आता मोठी झाली आहेत, दोन्ही पायांवर उभी आहेत, असं ताई डबा पुसताना मला सांगतात. नव्या सुया यंत्रात आहेत. मी इथेच पडून आहे. माझा दोष नव्हता हे सिद्ध झालं, पण मला परत लावायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. त्याचं फारसं वाईट वाटत नाही. धक्का बसलाय तो वेगळ्याच गोष्टीचा. त्या पिल्लांचा घात कोणा वैऱ्याने केला नाही, मायेने केला.

म्हणून मित्रांनो, कोणाला जीव लावाल तेव्हा त्याला काय सोसतं, एवढं आधी विचारून घ्या. अंड्यातलं पिल्लू "पुरे" म्हणू शकत नाही.