लेकीनं घडवलेला मागचा दरवाजा

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीचा मागचा दरवाजा आहे. खालून धरून वर उचलायचा. कार्बन फायबरचा, म्हणून काळाभोर आणि वजनाला अगदी हलका. येणारे-जाणारे थांबून हात फिरवतात, कौतुक करतात. दुसरा एखादा असता तर फुगून गेला असता. मला मात्र कौतुक ऐकलं की ओशाळायला होतं. का, ते सांगतो.

माझे मालक किल्लीवाले. त्यांचं दुकान म्हणजे या गाडीचा मागचा भाग. दरवाजा वर गेला की दुकान उघडलं. आत किल्ल्यांचे खण, कानशी, छोटं यंत्र. पण त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि माझ्याआधीचा लोखंडी दरवाजा त्यांना उचलेना. दर ठिकाणी कुणाला तरी हाक मारावी लागे, "जरा एवढा दरवाजा उचलता का?"

एकदा एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, "अहो, सगळ्यांची कुलपं उघडता आणि स्वतःचं दार उघडत नाही?" त्या दिवशी ते दुपारीच घरी परतले.

त्यांची लेक दातांच्या कवळ्या बनवते. मेण, साचे, वाळून कडक होणारं रेझिन हे तिच्या रोजच्या हातातलं. ती म्हणाली, "बाबा, बोळक्या तोंडात दात बसवते मी. तुमचा दरवाजा काय अवघड आहे?"

अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिनं जुन्या दरवाजाला मेण चोळलं आणि त्यावरून साचा काढला. साच्यात कार्बन फायबरचं काळं विणलेलं कापड थरावर थर अंथरलं, ब्रशनं रेझिन जिरवलं, वर प्लास्टिक चिकटवून पंपानं आतली हवा ओढून घेतली. अशी माझी पाठ, म्हणजे बाहेरची बाजू, तयार झाली. दुसऱ्या साच्यातून आतली चौकट निघाली. माझ्या डाव्या कोपऱ्यात कापडाला सुरकुती पडली होती. ती पाहून मी पहिल्यांदा लाजलो. लेक मात्र म्हणाली, "असू दे. माझ्या हातचा आहेस, ओळखता येशील."

मग पाठ आणि चौकट जोडायची होती. कडा पॉलिशपेपरनं खरवडून, पुसून तिनं गोंद लावला आणि चहूबाजूंनी घट्ट धरून ठेवणारे क्लॅम्प आवळले. थंडीचे दिवस होते, गोंद सावकाश वाळणार होता.

"परवापर्यंत हात लावायचा नाही हं, बाबा. वरून कडक वाटेल, पण आत ओला असेल."

"कळलं गं. मी काय लहान आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेली, आणि बाबा शेडमध्ये आले. त्यांनी बोटानं गोंद दाबून पाहिला. कडक लागला. भराभर क्लॅम्प काढले, गल्लीतल्या मेकॅनिककडून मला गाडीवर चढवून घेतलं. मग त्यांनी एका हातानं मला उचललं. खाली घेतलं. पुन्हा उचललं. मित्रांनो, तो माणूस एकटाच हसत होता. आत मी ओला होतो, आणि त्यांना ते सांगू शकत नव्हतो.

ते तसेच धंद्याला निघाले. भर चौकात गाडी खड्ड्यात आदळली आणि माझी पाठ चौकटीपासून फाटकन सुटली. वाऱ्यानं ती फडफडली, खण घसरले, किल्ल्या रस्ताभर सांडल्या. मागचे गाडीवाले हॉर्न वाजवू लागले. कुणीतरी ओरडलं, "काका, गाडीला पंख फुटले की काय!" बाबा खाली बसून डाव्या हातानं किल्ल्या वेचत राहिले. मला दोरीनं बांधून त्यांनी घरी आणलं.

दारात मामा, म्हणजे लेकीचे मामा, चहा पीत उभे होते. "भाऊजी, मी आधीच सांगत होतो. कवळी आहे का ती? गाडी आहे! पोरीच्या नादाला लागलात."

तेवढ्यात लेक आली. तिनं माझ्या कडेवर अंगठा फिरवला. चिकट! तिला सगळं कळलं. तिनं बाबांकडे पाहिलं. बाबा चपलांकडे पाहत होते.

"माझंच काहीतरी चुकलं असेल, मामा," ती म्हणाली.

बाबा तरीही गप्प राहिले. त्यांच्याइतकंच मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौकातली फजिती मला एवढी लागली नव्हती.

मामा निघाले. फाटकापर्यंत गेलेही. तेव्हा बाबांनी हाक मारली, "अहो, थांबा. क्लॅम्प मी काढले. तिनं बजावलं होतं तरी काढले. तिचं काम चोख होतं." मग लेकीला म्हणाले, "पॉलिशपेपर दे. कुठून घासू?"

जुना गोंद त्यांनी एकट्यानं, एका हातानं खरवडला. पुन्हा क्लॅम्प लागले, आणि या वेळी ते शेडकडे फिरकलेसुद्धा नाहीत.

तेव्हापासून मी सुटलेलो नाही. पण लेक मामांपुढे खोटं बोलली तो क्षण अजून माझ्या सांध्यात खुपतो. म्हणून मित्रांनो, हातानं घडवलेल्या वस्तूला पक्कं व्हायला वेळ द्या. आणि तुमच्या घाईनं ती मोडलीच, तर घडवणाऱ्याला तुमचा दोष अंगावर घेऊ देऊ नका. आम्हा वस्तूंना बोलता येत नाही. खरं काय ते तुम्हीच बोला, आणि ऐकणारा माणूस फाटकाबाहेर जाण्याआधी बोला.