लताच्या गळ्यातली पक्कड

मी पक्कड बोलतेय. सुताराच्या पेटीतली नव्हे हं! बडोद्यात निरुपमाताईंचा दवाखाना आहे, तिथली, दातांवरची तार कापणारी. जबडा मोडला की ताई वरचे-खालचे दात तारेने करकचून बांधतात. हाड जुळेपर्यंत तोंड बंद, पोटात जाईल ते नळीने. अशात उलटी झाली तर जीवच गुदमरायचा, म्हणून पेशंट घरी निघाला की ताई मला दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात घालतात. "आधी तार कापायची, मग मला फोन," असं बजावतात. तार निघाली की मी परत दवाखान्यात.

एरवी माझे पेशंट कोण? करजणच्या हायवेवर हेल्मेट आरशाला लटकवून पळणारी पोरं, नाहीतर उत्तरायणात पतंगापायी गच्चीवरून पडलेले. एका पेशंटमागे सहा नातेवाईक, आणि सगळे एकदम बोलणार!

मग लॉकडाऊन लागलं. रस्ते ओस पडले. "चला, आता तरी लोकांची तोंडं शाबूत राहतील," ताई म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. कसलं काय!

लता आली. तिच्या नवऱ्याचं, अनीशचं, अलकापुरीतलं ऑफिस तेव्हा घरूनच चालायचं. "बाथरूममध्ये घसरली," तो दारातूनच म्हणाला. आजाराच्या भीतीने नातेवाइकांना आत मनाई होती, तेवढं एक त्या नियमाने भलं केलं. पडणाऱ्याची बहुधा हनुवटी फुटते. लताचा डावा गाल सुजला होता आणि गळ्यावर बोटं उठली होती.

"कोणी मारलं का गं? सांग, मी आहे," ताई हळूच म्हणाल्या.

लताने दाराकडे पाहिलं. "ताई, आमच्या सासऱ्यांना इथलं प्रत्येक मराठी घर ओळखतं. घसरले, एवढंच लिहा."

तिच्या गळ्यात लटकत मी त्या घरी गेले. सुरुवातीला अनीश अगदी गरीब गाय! स्वतः मोसंब्याचा रस काढून द्यायचा. मग एकदा साहेबांनी फोनवर झापलं आणि राग निघाला लतावर. बंद तोंडाने ती ओरडणार कशी? तिने मला मुठीत घट्ट धरलं. तार कापली असती तर किंकाळी शेजारी ऐकू गेली असती. तिने नाही कापली. तिच्या सासूबाई डाळीचं पाणी गाळताना डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, "घरातलं घरात राहू दे, बाळा." अस्सा संताप यायचा मला!

तार काढायच्या दिवशी ताईंनी मलाच हातात घेतलं. लताचं तोंड बोटभर उघडलं. "आता बोल," ताई म्हणाल्या. तेवढ्यात बाहेरून अनीशची हाक आली, "झालं का?" लताच्या डोळ्यांत पाणी आलं. ती एवढंच म्हणाली, "ही पक्कड माझ्याकडे राहू दे?" ताईंनी रीत मोडून मला देऊन टाकलं.

लॉकडाऊन उठून वर्षं झाली. हायवेवर पोरं पुन्हा सुसाट सुटलीत. मी लताच्या स्वयंपाकघरात, लाटण्याशेजारी पडून असते. संध्याकाळी खाली अनीशची गाडी वाजली की ती मला काढते, मळका दोरा गळ्यात घालते आणि मला ओढणीखाली झाकते.

आत्ताच गाडी वाजलीय. तिची बोटं गार पडलीत. लता, बाई गं, तुझ्या दातांवर आता तार नाही, मी काय कापू? ताईंचा नंबर आहे तुझ्याकडे. तो जिना चढतोय गं. तोंड उघड!