आईचं कलम

चिखलीच्या कचेरीसमोर लिंबाखाली आम्ही अर्जनवीस ओळीनं बसत असू. माझ्या शेजारी वामनराव. वाटणीपत्र लिहावं तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक होता, आणि तो पसरवण्यात त्यांचाही हात होता. लिहून झालं की ते दस्त मोठ्यानं वाचत आणि एकेका कलमाला पक्षकारांनी ‘हाव’ म्हणायचं, अशी रीत. ऐकणारे दोन-तीन कलमांनंतर भजनात बसल्यासारखे डोलू लागत. अर्थबिर्थ कुणी विचारत नसे. विचारलेला आम्हालाही आवडत नसे.

महाराष्ट्र नुकता झाला होता, त्या दिवसांतली गोष्ट. उंद्रीचे किसनराव आणि जानराव हे भाऊ वाटणीसाठी आले. बरोबर त्यांची आई, तानुबाई. वडील वारलेले. नव्या कायद्यानं विधवेलाही मुलांइतका हिस्सा मिळू लागला होता. तो तिनं राजीखुशीनं सोडला, असं लिहून तिचा अंगठा घ्यायचा होता. बदल्यात मुलांनी तिला सांभाळायचं. तेवढ्यासाठी म्हातारीला एस.टी.त बसवून आणली होती.

वामनराव वाचू लागले. शेत झालं, बैल झाले. मग विहीर: दोघांनी आठ-आठ दिवस पाळीनं पाणी घ्यावं, जो दुसऱ्याच्या पाळीत मोट धरील, त्याची पुढची पाळी बुडेल. हाव. मग आई: दोघांनी सहा-सहा महिने पाळीनं अन्नवस्त्र द्यावं. हाव, हाव.

तानुबाईच्या अंगठ्याला शाई लावून झाली होती. तिनं तो तसाच वर धरला.

“भाऊ, हिरीची पाळी मोडली त सजा लिवली तुमी. माही पाळी मोडली त काय?”

वामनराव हसले. “बाई, आईच्या कलमात सजा लिहीत नाहीत. बरं दिसत नाही ते.”

“अन् हिरीच्या कलमात बरं दिसते?”

किसनराव तापले. “आमच्यावर तुहा भरवसा नाही काय?”

“माहा हाये. तुमचाच एकमेकावर नाही, म्हून त हिरीचं लिवा लागलं.”

मला म्हातारी आवडली. मोडलं तर काय, हे ज्यात लिहिलेलं नाही ते कलम म्हणजे नुसतं गोड बोलणं. वामनरावांना हे ठाऊक नव्हतं, असं मुळीच नाही. आईच्या बाबतीत गोड बोलण्यावर भागतं, हा त्यांचा आजवरचा अनुभव होता.

त्यांनी टाक उचलला. “बरं, लिहितो. जो सांभाळणार नाही, त्याच्या हिश्शातला चौथा भाग आईचा. चालेल?”

मग सकाळपासून ‘हाव’पलीकडे न बोललेला जानराव पुढे सरकला.

“एक इचारू काय? दादा चौथा भाग देऊन मोकळा झाला, त मंग माय बाराही महिने माह्यावरच पडन काय?”

“अन् तू मोकळा झाला त?” किसनराव म्हणाले. “म्या काय करू?”

जुंपली दोघांची. आजारपण एकाच्या पाळीत निघालं तर औषधपाणी कुणाचं, दुसऱ्यानं मुदत संपल्यावर न्यायला यायचं की पहिल्यानं पोचवायचं, सगळं निघालं. तानुबाई मधे बसून ऐकत होती. एकानंही तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण मी आपल्या गिऱ्हाइकाचा अर्ज लिहीत राहिलो.

तानुबाईनं अंगठा पदराला पुसला. धुतलेलं, घडीचं लुगडं होतं.

“भाऊ, माहं कलम खोडून टाका. माहा हिस्सा माह्याच नावानं लिवा.”

भांडण जागच्या जागी थांबलं. किसनरावांचा आवाज एकदम मऊ झाला. “मंग तू राहशीन कोणापाशी, माय?”

“कोणापाशीच नाही,” ती म्हणाली. “ज्याले माय लागते, त्यानं यावं माह्यापाशी.”